अपोहन घेणाऱ्यांचे हृदय : जपणूक आणि तपासणी

(जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त अपोहन केंद्रातील रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)

मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार २००६ सालापासून जगभर मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी वक्त्याने मूत्रपिंडांविषयी बोलावे, अशी आपली रास्त अपेक्षा असेल. मी मात्र आज मुख्यतः हृदयाविषयी बोलणार आहे. अपोहनावर, म्हणजे आपण ज्याला नित्याच्या बोलण्यात डायलिसिस म्हणतो त्या उपचारावर, असलेल्या रुग्णाच्या जीवाला सर्वांत मोठा धोका हृदयाकडून असतो. निकामी झालेल्या मूत्रपिंडाचे काम काही अंशी तरी यंत्राकडून करवून घेता येते. हृदयाचे काम मात्र हृदयालाच करावे लागते, आणि तेही अधिक कठीण परिस्थितीत. अपोहनावरील रुग्णांत हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या तुलनेने १० ते २० पट असते, असे १९९८ साली अमेरिकेतील आकडेवारीच्या आधारे दाखवून देण्यात आले. त्यानंतर उपचारांत सुधारणा झाल्या. तरीही या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराचे स्थान पहिलेच राहिले आहे.

हृदयाची स्थिती समजून घ्यावयाची तर तपासण्या कराव्या लागतात आणि त्यांपैकी काहींसाठी शरीरात विशिष्ट द्रव्ये टोचावी लागतात. या तपासण्यांसंबंधी आपल्या समाजात दोन टोकाच्या वृत्ती आढळतात. काही जण "किडनीचा पेशंट आहे, डाय चालणार नाही" असे म्हणून आवश्यक तपासणीच टाळतात. तर काही जण आपण अपोहनावर आहोत हे तपासणी करणाऱ्याला सांगतही नाहीत. या दोन्ही वृत्ती घातक आहेत. त्यांच्यामधील विवेकाचा मार्ग कोणता, हे सांगण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

यंत्राचे बारा तास

कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून रक्त शुद्ध करणारे यंत्र उभे केले. प्रारंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एका वृद्ध स्त्रीला या यंत्राने जीवदान मिळाले. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातात कायमची नळी बसविण्याची युक्ती शोधली आणि वारंवार अपोहन करणे शक्य झाले. आज आपल्यापैकी अनेकांच्या हातावर जो 'फिस्टुला' आहे, त्या शस्त्रक्रियेची पद्धत १९६६ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली.

या यंत्राचे उपकार थोर आहेत. परंतु त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व परत रक्तात घेऊन उरलेले मूत्ररूपाने बाहेर टाकतात. हे काम रात्रंदिवस चालते. आठवड्याचे तास १६८. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास अपोहन घेणाऱ्या रुग्णाचे रक्त त्यांपैकी १२ तासच शुद्ध होत असते. उरलेल्या १५६ तासांत शरीरात जे जे साठते, त्याचा भार हृदयावर पडतो. आपल्याकडे तर प्रवासामुळे वा खर्चामुळे आठवड्यातून दोनच वेळा अपोहन घेणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या वाट्याला आठच तास येतात.

अंगात पाणी वाढले की रक्तदाब वाढतो. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. जोरबैठका काढणाऱ्या पहिलवानाचा दंड जाड झाला तर त्याचे कौतुक होते. हृदयाची भिंत अशी जाड झाली तर ती ताठर बनते, नीट सैलावत नाही आणि तिला पुरेसे रक्तही मिळेनासे होते. त्यात रक्तक्षयाची भर पडते. रक्तक्षय भरून काढला पाहिजे, पण तोही डॉक्टरांनी ठरविलेल्या मर्यादेपर्यंतच. औषधांनी हिमोग्लोबिन अगदी निरोगी माणसाच्या पातळीला नेल्यास लाभ होण्याऐवजी अपाय संभवतो, असा अनुभव २००६ आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून आला.

नत्र, स्फुरद, पालाश

शेतकरी बांधवांना खताच्या गोणीवरील नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन शब्द चांगले परिचित आहेत. पिकाला जी तीन द्रव्ये हवीत, तीच मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात साचून राहतात. नत्राचा अंश युरियाच्या रूपाने साठतो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, वाढला की कॅल्शियमच्या साथीने तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांत चुन्यासारखा बसतो. म्हणूनच जेवणाबरोबर घ्यावयाच्या फॉस्फरसच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्यात, नंतर आठवण झाली म्हणून घेऊ नयेत. पालाश, म्हणजे पोटॅशियम, सर्वांत तातडीचा शत्रू होय. त्याचे प्रमाण फार वाढले तर हृदयाची लय बिघडते आणि ते थांबूही शकते. शहाळ्याचे पाणी, केळी, चिकू, मोसंबीचा रस, बटाटा, टोमॅटो यांत पोटॅशियम पुष्कळ असते. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे, ही साधी कृती येथे उपयोगी पडते.

रक्तदाबासाठी चांगले म्हणून बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. इतरांना ते हितकर असेल. अपोहनावरील रुग्णाने मात्र त्यापासून दूर राहावे. सैंधव हेही मीठच आहे, औषध नव्हे.

पाण्याविषयी रुग्ण तक्रार करतात की, तहान आवरत नाही. तहानेचे मूळ मिठात असते. सुमारे ८ ते ९ ग्रॅम मीठ शरीरात साठले की त्याच्या जोडीला सुमारे एक लिटर पाणी साठते. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. पापड, लोणचे, फरसाण, सुके खारे मासे ही ताटाची चव वाढविणारी मंडळी हृदयाचे काम वाढवितात. मीठ कमी केल्याशिवाय पाणी कमी करा, असे सांगणे म्हणजे रुग्णाला शिक्षा देणे होय.

दोन अपोहनांच्या मध्ये वाढलेले वजन हे जवळजवळ सर्व पाण्याचेच असते. ते चार तासांत काढावयाचे तर त्यालाही मर्यादा आहे. दर तासाला, शरीराच्या दर किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा अधिक वेगाने पाणी काढले जाते, अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आहे. ६० किलो वजनाच्या माणसाचा हिशेब केला तर चार तासांत हे प्रमाण सुमारे तीन लिटर भरते. त्याहून अधिक पाणी घाईने ओढले की रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात आणि हृदयाच्या स्नायूला काही काळ रक्त अपुरे पडते. हे वारंवार घडले तर स्नायू कायमचा दुबळा होतो. म्हणून "आज चारऐवजी तीन तासांतच सोडा" हा आग्रह धरू नये. तो एक तास आपल्या हृदयाचा असतो.

लांब खंडाचा दिवस

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे अपोहन असेल तर शुक्रवार ते सोमवार हा खंड लांब पडतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार असेल तर शनिवार ते मंगळवार. अमेरिकेत सुमारे ३२,००० रुग्णांची पाहणी करून २०११ साली असे दाखविण्यात आले की, या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग इतर दिवसांपेक्षा अधिक घडतात. आपल्याकडे हा खंड नेमका सुट्टीचा, लग्नकार्याचा आणि सणाचा असतो. पंगतीत आग्रह होतो, "एक दिवस खाल्ल्याने काय होते?" असे विचारले जाते. नातेवाईकांना माझी विनंती आहे की, हा आग्रह प्रेमाचा असला तरी तो करू नये. आणि कोणत्याही कारणाने अपोहनाची पाळी चुकवू नये. चुकलीच तर केंद्राला त्याच दिवशी कळवून दुसरी वेळ मागून घ्यावी.

धोक्याची लक्षणेही लक्षात ठेवावीत. मधुमेही रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असे नाही. अकस्मात धाप लागणे, दरदरून घाम येणे, जबड्यात वा डाव्या हातात कळ येणे, उताणे झोपता न येणे, पायांतील शक्ती अचानक जाणे, नाडी फार मंद वा अनियमित होणे, यांपैकी काहीही घडल्यास पुढच्या अपोहनाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

साध्या तपासण्या

आता तपासण्यांकडे वळू. हृदयाचा आलेख, म्हणजे ई.सी.जी., यात कोणताही धोका नाही. ध्वनिलहरींनी केली जाणारी इकोकार्डिओग्राफी, म्हणजे 'टू-डी एको', हीदेखील संपूर्ण निर्धोक आहे; तीत किरणोत्सर्ग नाही व सामान्यतः कोणतेही द्रव्य टोचावे लागत नाही. मात्र ती केव्हा करावी याला महत्त्व आहे. अंगात तीन लिटर पाणी साठलेले असताना हृदय फुगलेले दिसते आणि निष्कर्ष चुकतो. शक्यतो अपोहनाच्या दुसऱ्या दिवशी, वजन ठरलेल्या कोरड्या वजनाजवळ असताना, ही तपासणी करून घ्यावी.

ट्रोपोनिन या रक्ततपासणीविषयीही सांगितले पाहिजे. अपोहनावरील अनेक रुग्णांत हे प्रमाण झटका नसतानाही वाढलेले असते. म्हणून एका आकड्यावर विसंबून न राहता काही तासांनी ती तपासणी पुन्हा करतात आणि आकडा चढतो की उतरतो हे पाहतात. पूर्वीचा अहवाल जवळ असल्यास डॉक्टरांचे काम सुकर होते.

गॅडोलिनियमचा धडा

एम.आर.आय. तपासणीत चुंबकीय शक्तीचा उपयोग होतो, क्ष-किरणांचा नव्हे. प्रतिमा अधिक स्पष्ट यावी म्हणून काही वेळा गॅडोलिनियम या धातूचे द्रव्य शिरेतून देतात. अशा द्रव्यांपैकी पहिले १९८८ साली अमेरिकेत मान्यता पावले. गॅडोलिनियम मुक्त स्थितीत विषारी असते. म्हणून ते दुसऱ्या रेणूच्या पकडीत बांधून देतात. निरोगी माणसाच्या शरीरातून या द्रव्याचा निम्मा भाग सुमारे दीड तासात मूत्रावाटे निघून जातो. ज्याची मूत्रपिंडे निकामी आहेत, त्याच्या शरीरात त्याला ३० तासांहून अधिक काळ लागू शकतो.

आयोडीनयुक्त द्रव्य मूत्रपिंडांना अपायकारक, तेव्हा त्याऐवजी गॅडोलिनियम बरे, असे त्या काळी डॉक्टरांना वाटत असे. त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनाच ते अधिक, आणि कित्येकदा मोठ्या मात्रेत, दिले गेले. १९९७ साली कॅलिफोर्नियात काही रुग्णांमध्ये एक नवाच विकार दिसू लागला. हातापायांची त्वचा जाड होऊन लाकडासारखी टणक होई, सांधे आखडत, रुग्ण चालेनासा होई. काहींच्या हृदय-फुप्फुसांतही तंतू वाढत. २००० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण कारण सापडत नव्हते. २००६ साली ऑस्ट्रियातील डॉ. ग्रोबनर यांनी या रुग्णांना गॅडोलिनियम दिले गेले होते, याकडे प्रथम लक्ष वेधले. त्याच वर्षी डेन्मार्कमधील डॉ. मार्कमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या सर्वांना गॅडोलिनियमचे एकच द्रव्य मिळाले होते. या विकाराला 'नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस' असे नाव आहे. त्यावर खात्रीचा इलाज नाही.

दोष कोठे होता? जुन्या द्रव्यांपैकी काहींत गॅडोलिनियम साखळीसारख्या रेणूने सैल बांधलेले होते. शरीरात फार काळ राहिल्यावर ती पकड सुटे आणि धातू मोकळा होऊन ऊतींत जाऊन बसे. नव्या द्रव्यांपैकी बहुतेकांत तो पिंजऱ्यासारख्या बंद कड्यात धरलेला असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली ठळक इशारा दिला आणि २०१० मध्ये तीन द्रव्ये अशा रुग्णांसाठी निषिद्ध ठरविली. युरोपात २०१७ साली सैल बांधणीच्या बहुतेक द्रव्यांचा वापर थांबविण्यात आला. परिणामी या विकाराचे नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. सुरक्षित गटातील द्रव्ये दिलेल्या, मूत्रपिंडांचे कार्य अत्यंत मंदावलेल्या वा अपोहनावर असलेल्या ४,९३१ रुग्णांची माहिती २०२० साली एकत्र तपासण्यात आली. त्यांत हा विकार एकालाही झालेला आढळला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांच्या संस्थांनी संयुक्तपणे असे मत दिले की, तपासणी खरोखर आवश्यक असेल तर सुरक्षित गटातील द्रव्य देण्यास मूत्रपिंडविकाराची आडकाठी असू नये.

या कथेतून दोन बोध घ्यावयाचे आहेत. एक काळ भीती बाळगणे योग्य होते. आज तीच भीती आंधळेपणाने बाळगली तर मेंदूतील गाठ किंवा मणक्यातील जंतुसंसर्ग वेळेवर कळणार नाही. आणि दुसरे, सावधगिरी संपलेली नाही. बऱ्याच एम.आर.आय. तपासण्या कोणत्याही द्रव्याविना होतात; तेव्हा द्रव्याची गरज आहे काय, असल्यास ते सुरक्षित गटातील आहे काय, हे विचारावे. तपासणी शक्यतो नियोजित अपोहनाच्या थोडी आधी ठेवावी, म्हणजे द्रव्याचा बराच भाग त्याच सत्रात निघून जाईल. हृदयात पेसमेकर असल्यास ते आवर्जून सांगावे.

अँजिओग्राफी आणि मनगट

सी.टी. स्कॅन व अँजिओग्राफी यांत आयोडीनयुक्त द्रव्य वापरतात. ज्याला लघवी मुळीच होत नाही, त्याच्या मूत्रपिंडांचे या द्रव्याने आणखी काही बिघडावयाचे राहिलेले नसते. आणि केवळ द्रव्य दिले म्हणून त्याच दिवशी तातडीचे अपोहन करण्याचीही सामान्यतः गरज नसते, नेहमीची पाळी पुरेशी होते. ज्याला दिवसाकाठी थोडीफार लघवी होते, त्याची गोष्ट वेगळी. ती उरलेली शक्ती अनमोल असते; तिच्यामुळे पाणी व पोटॅशियम आटोक्यात राहतात. अशा रुग्णाने ते स्पष्ट सांगावे, म्हणजे द्रव्याची मात्रा कमीत कमी ठेवता येते. अंगात आधीच पाणी साठून धाप लागत असेल तर हे द्रव्य ती वाढवू शकते. पूर्वी अशा द्रव्याने अंगावर गांधी उठल्या असतील वा श्वास कोंडला असेल, तर तेही सांगितलेच पाहिजे.

आजकाल अँजिओग्राफी बहुधा मनगटातील धमनीतून करतात. इतरांना ही पद्धत सोयीची आहे. अपोहनावरील रुग्णाची मनगटातील धमनी मात्र उद्याच्या फिस्टुलाची ठेव आहे. म्हणून मार्ग मांडीतून घ्यावा की मनगटातून, याचा विचार आधी झाला पाहिजे. फिस्टुला असलेल्या हातावर तर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, आणि तपासणीचे द्रव्यही त्या हातातून देऊ देऊ नये.

प्रत्येकाला अँजिओग्राफी हवीच, असेही नाही. मूत्रपिंडाचा विकार बळावलेल्या व हृदयविकार स्थिर असलेल्या ७७७ रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्ण अपोहनावर होते. प्रारंभीच अँजिओग्राफी व त्यानुसार स्टेंट वा शस्त्रक्रिया केलेल्यांत, केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. याचा अर्थ एवढाच की, त्रास स्थिर असेल तर विचार करण्यास अवधी असतो. प्रत्यक्ष झटका आला असता मात्र "किडनीचे काय होईल?" या विचारात एक मिनिटही दवडू नये. तेथे हृदय आधी.

खिशातील चिठ्ठी

बंधुभगिनींनो, या साऱ्याचे सार एका चिठ्ठीत मावते. पोस्टकार्डाएवढा कागद घ्यावा. त्यावर आपल्या मातृभाषेत मोठ्या अक्षरांत लिहावे : मी अपोहनावर आहे, माझे वार अमुक, माझे कोरडे वजन इतके, फिस्टुला या हातावर आहे, मला लघवी होते किंवा होत नाही, मला अमुक औषधाचे वावडे आहे, मी अमुक गोळ्या घेतो, माझ्या अपोहन केंद्राचा दूरध्वनी क्रमांक हा. तपासणीच्या दारात ही चिठ्ठी आधी पुढे करावी. ज्या तंत्रज्ञाने आपल्याला पूर्वी कधी पाहिलेले नाही, त्याला ती एका मिनिटात सावध करील. रुग्ण बेशुद्ध असला तरी ती त्याच्या वतीने बोलेल.

शासनाने या रुग्णांसाठी योजलेल्या सोयींचाही लाभ घ्यावा. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा पोहोचविण्याचे काम सुरू झाले. आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या जन आरोग्य योजनेत अपोहनाचा समावेश आहे. खर्चामुळे तिसरी पाळी सोडणाऱ्या रुग्णाने ती सोडण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला अवश्य भेटावे. आणि ज्यांना शक्य आहे, त्यांनी मूत्रपिंडरोपणाचा विचार लवकर करावा. हृदयाचा भार हलका करणारा त्याच्याइतका प्रभावी दुसरा उपाय नाही.

आज घरी गेल्यावर प्रथम ती चिठ्ठी लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी नातवंडांनी लिहावी. पुढच्या पाळीला ती आपल्या परिचारिकेला दाखवा आणि तिच्याकडून तपासून घ्या. यंत्र आपले रक्त आठवड्यातून बारा तास सांभाळील. उरलेल्या १५६ तासांचे राखणदार आपण आणि आपले घर आहे.